मस्टरवरचे तास

कार्मिक खात्यात, पगार विभागात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात किंवा एखाद्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर बसून दर महिन्याच्या सात तारखेचा धसका घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या भाषणात साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती मी मोडणार आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा आढाव्याला विषयांची वाण नाही. पण त्यावरची व्याख्यानं आपण सगळे तेव्हापासून ऐकतोच आहोत. मूळ पगार आणि महागाई भत्ता एकूण मोबदल्याच्या निम्म्याखाली गेला तर बाकीच्या भत्त्यांचं काय करायचं, या प्रश्नावर इथल्या प्रत्येकाने एकदा तरी एक्सेलची शीट उघडून डोकं धरलेलं असेल. मला त्या शीटच्या आधीच्या कागदाबद्दल बोलायचं आहे. मस्टरबद्दल. माणूस किती वाजता कामावर आला, कधी गेला, मध्ये जेवायला किती वेळ मिळाला, हे जिथे लिहिलं जातं त्या नोंदीबद्दल. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना पुरेसा वेळ मिळेल. वेतन आणि कामाचे तास यांच्या कायद्यांत मालकावर जी म्हणून जबाबदारी आहे, ती सगळी या एका नोंदीवर उभी आहे. आणि ही नोंद बिघडवण्यात मालकापेक्षा आपला, सल्लागारांचा, हात मोठा आहे.

जरा मागे जातो. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. ती 1890 मध्ये मिळाली, आणि दर रविवारी आपण तिचा लाभ घेतो. (घेत नसाल तर ते आपल्या व्यवसायाचं दुर्दैव.) बाकीच्या मागण्यांचा मात्र आपल्याला विसर पडला. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. महिनाभर राबल्यावर आणखी पंधरा दिवसांत पैसे हातात पडावेत, एवढ्यासाठी हजारो माणसांना सही किंवा अंगठा करावा लागला. सात तारीख कायद्यात यायला त्यानंतर बावन्न वर्षं जावी लागली.

त्या निवेदनातला सूर्यास्त मला नेहमी थांबवतो. घड्याळ गिरणीचं होतं, भोंगा गिरणीचा होता, आणि काम कधी संपलं हे सांगणारा जॉबरही गिरणीचाच होता. कामगाराने सूर्याची वेळ मागितली ती, मला वाटतं, सूर्य कुणाला मागेपुढे करता येत नाही म्हणून. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही आधार गेला. 1905 च्या तेजीत मुंबईतल्या काही गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालल्या. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा 1911 च्या कायद्याने आली, 1922 मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, 1934 मध्ये चोपन्न, आणि 1946 च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. ती दुरुस्ती झाली तेव्हा केंद्रात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, आणि किमान वेतनाचं विधेयकही त्याच वर्षी कायदेमंडळात आलं. तास आणि दर यांचं गणित एकाच टेबलावरून मांडलं गेलं, याचं मला अप्रूप वाटतं. कारण एकाशिवाय दुसरं फसवं असतं. दिवसाचा दर कितीही चांगला ठरवा, दिवस किती तासांचा ते ठरलं नसेल तर त्या दराला काय अर्थ?

आता 1936 च्या वेतन प्रदान कायद्याकडे या. तो रद्द झाला असला तरी त्याची कलमं वेतन संहितेत जवळपास जशीच्या तशी बसली आहेत. आपण ती कलमं पाठ करतो, पण ती कुणामुळे आली हे विचारत नाही. दंड पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐका. दंडाचा पैसा मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्या हितासाठी वापरा. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करा. यातल्या प्रत्येक ओळीमागे गिरणगावातला एकेक माणूस उभा आहे. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत होती. विणताना खराब झालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची पद्धत होती. जॉबरची दस्तुरी तर वेगळीच. हा सगळा प्रकार कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनपुढे आला, 1931 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यातून कपातींची एक बंद यादी तयार झाली. यादीत नसलेली कपात बेकायदा, मग कामगाराने तिला लेखी संमती दिलेली का असेना. आजही एखादा एचआर मॅनेजर मला फोन करून विचारतो, नोटीस पिरियड न भरता गेला म्हणून चालू महिन्याचा पगारच अडवून ठेवू का? लॅपटॉपवर चरा पडला, पैसे कापू का? मी त्याला यादी वाचायला सांगतो. मुदतीचंही तेच. राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब आता दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य आपल्या ऑफर लेटरमध्ये अजून छापून जातंय, आणि ते छापणारे आपणच आहोत.

मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या औद्योगिक वसाहतींत, चाकणला जा, वाळूजला जा, बुटीबोरीला जा, मस्टर दोन असतात. एक कच्चं, एक पक्कं. कच्च्यावर खरे तास असतात, कारण सुपरवायझरला उत्पादनाचा हिशेब लागतोच. पक्क्यावर कायद्याचे तास असतात. पक्कं मस्टर ओळखायला फार अनुभव लागत नाही. महिन्याचे सव्वीस दिवस सगळी माणसं बरोबर नऊला येतात आणि बरोबर साडेपाचला जातात. पावसाळ्यात लोकल बंद पडली तरी नऊ. गणपतीत अर्धं गाव कोकणात गेलं तरी नऊ. शाई एक, हस्ताक्षर एक. आता बायोमेट्रिक आलं म्हणून ही कला संपली असं समजू नका. यंत्रातून निघालेला डेटा 'प्रोसेस' होतो, म्हणजे संध्याकाळी आठचा अंगठा साडेपाचवर येऊन बसतो. मधले अडीच तास महिनाअखेरीला व्हाउचरवर, एकेरी दराने, कधी 'प्रोत्साहन भत्ता' तर कधी 'प्रवासखर्च' या नावाने दिले जातात. कायदा दुप्पट दर सांगतो. एकेरी मिळाला तरी कामगार खूश असतो, असं मालक सांगतो. ते खोटंही नसतं.

मग बिघडलं कुठे? त्या अडीच तासांना दुप्पट दर नाही, हे झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते तास घडलेच नाहीत. रात्री पावणेआठला प्रेसमध्ये बोट गेलं तर पक्क्या मस्टरप्रमाणे तो माणूस सव्वादोन तासांपूर्वी घरी गेलेला होता. मग अपघाताची वेळ बदला, रुग्णालयातला कागद सांभाळा, साक्षीदार शोधा. आपल्यापैकी ज्यांनी अपघाताची प्रकरणं चालवली आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

अमेरिकेतल्या एका खटल्याची इथे आठवण काढतो. मिशिगन राज्यातल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी कंपनीतले कामगार गेटवर घड्याळात कार्ड दाबून आत यायचे, लांबवर चालत आपापल्या जागेवर जायचे, हत्यारं काढायचे, एप्रन बांधायचे. पगार मात्र ठरलेल्या वेळेपासून. 1946 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट सांगितली. तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने ती नीट ठेवली नसेल तर कामगाराने अंदाजे पण पटण्याजोगा हिशेब दिला तरी पुरे, आणि तो खोडून काढायची जबाबदारी मालकावर. चालण्याच्या वेळेचा पगार अमेरिकन काँग्रेसने पुढच्याच वर्षी कायदा करून काढून घेतला. नोंदीचं तत्त्व मात्र शिल्लक राहिलं. आपल्याकडे वेतन संहितेच्या 59 व्या कलमाने हेच सरळ लिहून ठेवलं आहे: पगार मिळाला नाही, कमी मिळाला किंवा बेकायदा कपात झाली असा दावा आला, तर देणं दिलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. दाव्याची मुदत तीन वर्षं. भरपाई रकमेच्या दहा पटींपर्यंत.

माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात कामगाराकडे पुरावा म्हणून होतं ते घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय. तारखेच्या चौकोनात बायकोने दुधाचे लिटर लिहिले होते आणि नवऱ्याने ओव्हरटाइमचे तास. दोन वर्षांची कालनिर्णयं त्याने पिशवीत घालून आणली. समोर कंपनीची संगणकावरची, रंगीत, बाइंड केलेली पक्की मस्टरं. उलटतपासणीत आमच्या, म्हणजे कंपनीच्या, बाजूच्या साक्षीदाराला विचारलं, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, ऑर्डर एवढी वाढलेली असताना, एकाही माणसाने एकही मिनिट जादा काम केलं नाही? त्याला उत्तर देता आलं नाही. दूध आणि तास शेजारी शेजारी लिहिलेला कागद खोटा ठरवणं फार अवघड असतं. आम्ही तडजोड केली, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आता थोडं आपल्या घराजवळ येतो. इथे बसलेल्यांपैकी किती जण आपापल्या गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर आहेत? हात वर करू नका. गेटवर सुरक्षारक्षक बारा तास असतो ना? नऊ तासांचा दिवस धरला तरी वरच्या तीन तासांचे दुप्पट दराने सहा तास होतात, म्हणजे बारा तासांच्या पाळीला पंधरा तासांचं वेतन. त्यात साप्ताहिक सुट्टी नसेल तर तो हिशेब निराळा. एजन्सीच्या बिलात हे पैसे दिसतात का? दिसत नसतील तर सर्वसाधारण सभेत सर्वांत कमी दर म्हणून टाळ्या वाजवून आपण जे मंजूर केलं, ते काय होतं?

मधल्या माणसामार्फत कमी पैशांत काम करून घेणं नवं नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या बांधकामावर कामगाराचा दिवसाचा दर होता 9 रुपये 25 पैसे. त्यातला एक रुपया जमादार काढून घ्यायचा. हातात पडायचे सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरीच आहे, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला हात झटकता येणार नाहीत. तो एक रुपया आजही काढला जातो. फक्त पद्धत सुधारली. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असतं. कागद इतका स्वच्छ की तपासणीला येणाऱ्याने काय पकडावं? कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकाचा माणूस पगारवाटपाला समोर हजर ठेवायला सांगितलं होतं. बँकेतून पगार सुरू झाल्यावर आपण समजलो की ती गरज संपली. माझ्या मते ती वाढली. महिन्यातून एकदा चार कामगारांना बाजूला घेऊन 'हातात किती पडले' एवढं विचारायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

आणि निविदा. मनुष्यबळ पुरवण्याच्या निविदांत कंत्राटदार आपलं सेवाशुल्क शून्याच्या आसपास भरतो. त्यात गणवेश, प्रशासन, कर्जाचं व्याज, नफा सगळं बसवतो. हे ज्या टेबलावर मंजूर होतं, त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हा पैसा कुठून तरी येणार आहे, आणि तो कुठून येणार तेही ठाऊक असतं. निविदेवर सही करणारा अधिकारी मला कंत्राटदाराइतकाच जबाबदार वाटतो. वेतन संहितेचं 43 वं कलमही, प्रत्यक्ष मालकाने पगार दिला नाही तर आस्थापनेच्या मालकाला तो द्यायला लावतं.

लहान कारखानदाराची बाजू मी विसरलेलो नाही. माझं आयुष्य त्यांच्याच ऑफिसांत गेलं. वीस माणसांचं मशिन शॉप चालवणाऱ्याने सात तारखेला पगार द्यायचा, आणि ज्या मोठ्या कंपनीला तो भाग पुरवतो ती त्याला नव्वद किंवा एकशेवीस दिवसांनी पैसे देणार. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मर्यादा घातली आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याजही सांगितलं आहे. ते व्याज मागायला जाणारा पुरवठादार पुढच्या ऑर्डरला मुकतो. वेतन कायद्याची अंमलबजावणी करायची तर ती या साखळीच्या वरच्या टोकापासून करा, हे मी कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनाही नेहमी सांगत आलो. लहान मालकाने मस्टर खोटं करावं, असा मात्र याचा अर्थ निघत नाही. पैसे उशिरा दिले तर तो उशीर लिहा. तास केले तर तास लिहा. देणं राहिलं असेल तर ते देणं म्हणून दिसू द्या.

तासांची मर्यादाच वाढवली तर खोटं लिहायची गरज उरणार नाही, असा एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास, दुकानं आणि आस्थापनांत नऊवरून दहा, आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 144 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. त्याच्या बऱ्यावाईटावर इथे दोन तट पडतील, आणि पडावेत. मी फक्त गणित सांगतो. आठवडा अठ्ठेचाळीस तासांचाच राहतो. बारा बाराचे चार दिवस झाले की तो संपला. पाचव्या दिवसाचं पहिलं मिनिटही दुप्पट दराचं. जो मालक नवव्या तासानंतर एकेरी दराचं व्हाउचर काढत होता, तो पाचव्या दिवशी दुप्पट देईल असं कोणत्या अनुभवावरून मानायचं? 2020 च्या टाळेबंदीत गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची मुभा देताना दुप्पट दरच काढून टाकला होता. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे द्यायला लावले. न्या. धनंजय चंद्रचूड यांचा तो निकाल इथल्या तरुण सहकाऱ्यांनी मुळातून वाचावा. सारांशावर विसंबू नये.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. हाताखाली एक माणूस नसलेल्याला 'असिस्टंट मॅनेजर' करून ओव्हरटाइममधून वगळण्याची युक्ती पुण्यामुंबईत जोरात आहे. न्यायालयं हुद्द्याची पाटी पाहत नाहीत, रोजचं काम पाहतात. ही युक्ती विकणाऱ्या सल्लागाराने निदान तिची फी तरी परत करण्याची तयारी ठेवावी.

आता ठराव समितीपुढे मी मांडलेल्या दोन सूचना. पहिली साधी आहे. संहितेने पगाराची चिठ्ठी सगळ्यांनाच द्यायला सांगितली आहे. आपण तयार करू त्या प्रत्येक चिठ्ठीवर रकमेबरोबर तास यावेत: महिन्यात एकूण किती तास, त्यातले जादा किती, जादा तासाला दर काय, आणि कुठली कपात कोणत्या कारणाने. भाषा कामगाराला वाचता येईल अशी, म्हणजे मराठी किंवा हिंदी, आणि जिथे ओडिशातली मुलं जास्त आहेत तिथे ओडिया. 'अदर डिडक्शन्स' हा रकाना कायमचा बंद. याला फारसा विरोध होईल असं वाटत नाही.

दुसरी सूचना अशी की या परिषदेच्या कोणत्याही सभासदाने दुसरं मस्टर लिहू नये, लिहून घेऊ नये, आणि लिहिलेलं तपासून त्यावर शिक्का मारू नये. तसं आढळलं तर सभासदत्व जाईल. काल रात्री जेवताना काही मित्र मला म्हणाले, यामुळे अशील दुसऱ्याकडे जातील. काही नक्की जातील. माझे गेले आहेत. ते कुठे गेले हेही मला माहीत आहे, कारण त्यांची प्रकरणं पुढे दुसऱ्या बाजूने माझ्याकडे आली. काही जण म्हणाले, आधी सरकारने निरीक्षक नेमावेत, मग आम्हाला शिकवा. संहितेत निरीक्षकाला आता सुलभकर्ताही म्हटलं आहे, आणि त्यावर टीका करायला जागा आहे. पण पक्कं मस्टर निरीक्षक लिहीत नाही. ते आपल्या ऑफिसमध्ये, महिन्याच्या तीन-चार तारखेला, रात्री उशिरापर्यंत बसून, बहुतेक वेळा आपल्याकडे नव्याने लागलेली मुलगी किंवा मुलगा लिहितो. त्या जादा तासांची नोंद आपल्या स्वतःच्या मस्टरवर असते का, हे मी आज विचारत नाही. पुढच्या अधिवेशनात विचारणार आहे.

दोन्ही ठराव दुपारच्या सत्रात मतदानाला येतील. दुसऱ्यावर भांडण होईल असा माझा अंदाज आहे. त्यासाठी चर्चेचा वेळ अर्ध्या तासाने वाढवावा, अशी विनंती मी सत्राध्यक्षांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.